वाकडा पंजा सरळ होतो: शस्त्रक्रिया छोटी, बुटांचं पथ्य मोठं

हजार बाळांमागे साधारण एका बाळाच्या पायाचा पंजा जन्मतःच आत वळलेला असतो. टाच वर ओढलेली, तळवा दुसऱ्या पायाकडे तोंड करून आणि पंजाच्या आतल्या कडेला एक खोल घडी. डॉक्टरांच्या कागदावर ‘सीटीईव्ही’ लिहिलेलं असतं, बोलताना क्लबफूट म्हणतात. निम्म्या बाळांचे दोन्ही पाय असे असतात आणि मुलींपेक्षा मुलग्यांत हे जवळजवळ दुप्पट दिसतं. वरवट बकाल, संग्रामपूर, सोनाळा, टुनकी, पातुर्डा अशी सगळी गावं धरली, तर या संग्रामपूर तालुक्यात असं लेकरू कधी ना कधी जन्माला येणारच. त्याच्या घरच्यांसाठी हा लेख आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. पाय सरळ करण्याचं काम डॉक्टर दोन-तीन महिन्यांत उरकतात. तो सरळ ठेवण्याचं काम घरच्यांचं असतं आणि ते चार-पाच वर्षं चालतं. शस्त्रक्रियेची धास्ती घेणारी घरं पुष्कळ आहेत. बुटांची काळजी मात्र फारशी कुणी करत नाही आणि सरळ झालेला पाय बहुतेक वेळा तिथेच बिघडतो.

पहिल्या आठवड्यात

आईच्या पोटात अडचणीत राहिल्यामुळे काही बाळांचे पंजे नुसते वळल्यासारखे दिसतात. हातानं हलकेच फिरवला तर असा पंजा सहज सरळ होतो आणि वर नेला तर नडगीच्या जवळ जातो. त्याला प्लास्टर लागत नाही. खरा क्लबफूट हाताला कडक लागतो, टाच खाली येत नाही. दोन्हींतला फरक डॉक्टरांनीच सांगायचा. त्याच वेळी ते बाळाची पाठ आणि खुब्याचे सांधेही तपासतात, कारण मणक्याचा किंवा सांध्यांचा दुसरा दोष असेल तर उपचारांची आखणी बदलते. तान्ह्या बाळाला यासाठी एक्स-रे सहसा लागत नाही.

घरी गेल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेटीला येतात. पाय दुपट्यात झाकलेला असेल तर दुपटं काढून त्यांना दाखवा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

घरातली जाणती बाई म्हणते, ‘मालीश करू, होते सरळ.’ तेलानं बाळाला झोप चांगली लागते, पण क्लबफूट तेलानं सरळ होत नाही. सहा महिने मालिशीत गेले तर तेवढ्या काळात हाडं वाकड्या घडणीत घट्ट होत जातात. नवजात बाळाच्या पायातली बरीच हाडं अजून कुर्चेची, मऊ असतात. म्हणून पहिलं प्लास्टर जन्मानंतर आठवडा-दहा दिवसांत चढलेलं उत्तम. वेळ गेली असेल तरी उपचार होतात, फक्त ते जास्त काळ चालतात.

दोष कुणाचा

कुणाचाच नाही. ग्रहणात सुनेनं विळी हातात घेतली, पाय दुमडून बसली, असं आजही बोललं जातं आणि ओली बाळंतीण ते मुकाट्यानं ऐकून घेते. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. बहुतेक मुलांत नेमकं एक कारण सापडत नाही. आनुवंशिकतेचा वाटा असतो: एका मुलाला क्लबफूट असेल तर पुढच्या भावंडाला तो असण्याची शक्यता शंभरात तीनच्या आसपास असते, म्हणजे सत्त्याण्णव वेळा नसतो. गरोदरपणात धूम्रपान केल्यानं धोका वाढतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत क्लबफूट पुष्कळदा आधीच दिसतो. बाकी बाळ व्यवस्थित असेल तर तेवढ्यावरून गर्भपाताचा विचार करण्याचं कारण नाही. फायदा एवढाच की कुठे जायचं ते आधी ठरवता येतं.

प्लास्टरची पद्धत आली कुठून

आज जगभर वापरली जाणारी पद्धत इग्नासिओ पॉन्सेटी या डॉक्टरांची. स्पेनच्या मिनॉर्का बेटावर १९१४ साली जन्मलेला हा माणूस तिथल्या यादवी युद्धात जखमी सैनिकांची हाडं बसवत होता. पराभवानंतर जखमींना घेऊन फ्रान्समध्ये गेला, मग मेक्सिकोतल्या एका गावात डॉक्टरकी केली आणि १९४१ मध्ये अमेरिकेत आयोवाला पोचला. तिथे त्यांनी पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या क्लबफूटच्या रुग्णांना परत बोलावून तपासलं. पाय दिसायला सरळ होते, पण कडक आणि दुखरे. मोठी चिरफाड करून सोडवलेल्या सांध्यांभोवती व्रणाची जाळी धरली होती. तेव्हा त्यांनी पायाची रचना नव्यानं अभ्यासली आणि तान्ह्या बाळाच्या अस्थिबंधांना हळूहळू ताण देत, दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय फिरवण्याची रीत बसवली. त्यांचा महत्त्वाचा लेख १९६३ साली आला. पण सर्जन मंडळींनी पुढची तीस वर्षं तिकडे फारसं लक्ष दिलं नाही, सगळीकडे मोठ्या शस्त्रक्रियाच होत राहिल्या. १९९५ मध्ये त्यांच्या जुन्या रुग्णांचा तीस वर्षांनंतरचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि पालकांनीही पालकांना सांगायला सुरुवात केली, तेव्हा कुठे वारं फिरलं. पॉन्सेटी २००९ मध्ये वारले. त्यांचा जन्मदिवस, ३ जून, हा जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळतात.

वरवट बकालहून जायचं कुठे

सुरुवात गावातल्याच ग्रामीण रुग्णालयापासून करायची. तिथे नोंद झाली की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे नाव जातं. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला आणि क्लबफूट त्याच्या यादीत आहे. पथक पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं.

अडचण आहे ती अंतराची. वरवट बकाल घाटाखाली, जिल्ह्याचं ठिकाण घाटावर. तान्हं बाळ आणि ओली बाळंतीण घेऊन दर आठवड्याला बुलढाण्याला चढणं सोपं नाही. त्यापेक्षा खामगाव किंवा अकोला जवळ पडतं. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्याला जवळचं कोणतं, तिथे प्लास्टरचा वार कोणता आणि बूट तिथेच मिळतात का, हे तीन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून घ्यावेत. जे रुग्णालय निवडाल तिथेच शेवटपर्यंत जावं. एक प्लास्टर इथे आणि पुढचं तिथे असं केलं की हिशेब तुटतो. सरकारी रुग्णालयात उपचारांचा खर्च फारसा येत नाही. घरातलं गणित बिघडतं ते बुडालेल्या मजुरीनं आणि गाडीभाड्यानं. म्हणून पहिल्या दिवशीच घरात बसून ठरवा: आठवड्याच्या त्या वारी बाळासोबत आईखेरीज दुसरं कोण जाणार? कापूस वेचणीच्या दिवसांत हे आधी ठरलेलं नसेल तर फेरी हुकतेच.

प्लास्टरचे आठवडे

बहुतेक बाळांना पाच-सहा प्लास्टर लागतात, कधी थोडी जास्त. दर आठवड्याला जुनं काढायचं, पाय हातानं थोडा आणखी फिरवायचा आणि नवीन घालायचं.

प्लास्टर घालताना दोन माणसं लागतात. एक जण बाळाचा पाय धरतो. त्याचा अंगठा घोट्याच्या पुढे, बाहेरच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकावर टेकलेला असतो आणि दुसऱ्या हातानं तो पुढचा पंजा हळूच बाहेर नेतो. टाचेला तो हात लावत नाही. त्या एका हाडाभोवती अख्खा पंजा फिरतो, हे पॉन्सेटींच्या पद्धतीचं मर्म आहे. दुसरा जण कापसाचा पातळ थर गुंडाळतो आणि त्यावर भिजवलेली पट्टी चढवतो. आधी गुडघ्यापर्यंत, ते सेट झालं की गुडघा काटकोनात ठेवून मांडीपर्यंत. ‘वाकडं तर घोट्यात आहे, मग मांडीपर्यंत कशाला?’ असं घरचे विचारतात. गुडघ्याखालीच थांबलं तर पाय आतल्या आत फिरतो आणि प्लास्टर मोज्यासारखं निसटतं. या सगळ्याला दुखापत म्हणता येणार नाही, ताण मात्र बसतो. बाळ थोडं भुकेलं ठेवून न्यावं आणि प्लास्टर चढताना आईनं पाजावं. दूध पिणारं बाळ पाय सैल सोडतं.

पहिल्या प्लास्टरनंतर पंजा आणखीच आत वळल्यासारखा दिसतो. घाबरू नये, आधी तळव्याची खोल कमान उघडावी लागते आणि तिची दिशा तशीच असते. दुसऱ्या-तिसऱ्या प्लास्टरनंतर पाय बाहेर वळताना डोळ्यांना दिसतो. दर फेरीला डॉक्टर कागदावर ‘पिराणी स्कोअर’ लिहितात. युगांडात जन्मलेल्या आणि कॅनडात काम करणाऱ्या डॉ. शफीक पिराणी यांनी तो तयार केला. सहा खुणा, प्रत्येकीला शून्य, अर्धा किंवा एक. सहा म्हणजे फार वाकडा, शून्य म्हणजे सरळ. हा आकडा पालकांनी विचारून घ्यावा. आकडा उतरत गेलेला पाहिला की पुढच्या फेरीचं बळ येतं.

घरी नजर ठेवायची ती बोटांवर. बोट दाबलं की पांढरं होतं आणि सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बोटं निळी, गार किंवा सुजलेली दिसली किंवा प्लास्टरच्या आत सरकून दिसेनाशी झाली, तर पुढच्या वाराची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. प्लास्टर सरकलेलं ठेवणं हे न घालण्यापेक्षा वाईट, कारण आत टाचेवर जखम होते. घाटाखालच्या उन्हाळ्यात पारा ४४ अंशांच्या वर जातो, घामानं आत खाज सुटते, बाळ किरकिरतं. आत पावडर टाकू नये, काडी घालू नये. अंग ओल्या फडक्यानं पुसावं आणि लंगोट प्लास्टरच्या कडेला लागणार नाही असा बांधावा. प्लास्टर आदल्या रात्री घरी भिजवून काढू नये, रात्रभरात पाय मागे येतो. रुग्णालयात, नवीन घालण्याच्या थोडं आधीच ते निघावं.

टाचेवरची शस्त्रक्रिया

पंजा बाहेर पुरेसा फिरला तरी टाच वर ओढलेलीच राहते. पिंढरीपासून टाचेपर्यंत येणारी कंडरा आखूड असते आणि प्लास्टरनं ती फारशी लांबत नाही. म्हणून दहापैकी आठ-नऊ बाळांना ती छेदावी लागते. लोक याला ‘नस कापणं’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ही रक्ताची नस नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी आहे. तान्ह्या बाळात बहुधा तेवढी जागा बधिर करून बारीक पात्यानं ती पूर्ण छेदतात. काम काही मिनिटांचं. जखम इतकी लहान असते की टाका सहसा लागत नाही. छेदल्याबरोबर टाच खाली येते.

लगेच शेवटचं प्लास्टर चढतं आणि ते तीन आठवडे राहतं. तेवढ्यात कंडरेची टोकं नव्या, लांब झालेल्या मापात पुन्हा जुळतात. त्या दिवशी प्लास्टरवर टाचेमागे रक्ताचा छोटा डाग दिसू शकतो. डाग पसरत चालला तर डॉक्टरांना कळवायचं. पहिल्या एक-दोन रात्री बाळ चिडचिड करतं, सांगितलेलं औषध द्यायचं. ‘नस कापली, आता पायात जोर कसा येणार?’ या प्रश्नाचं उत्तर मूल चालायला लागलं की मिळतं: येतो.

बूट आणि पट्टी

शेवटचं प्लास्टर निघतं त्या दिवशी पाय सुंदर दिसतो आणि खरी कसोटी त्याच दिवसापासून सुरू होते. पायाला मागे ओढणारी प्रवृत्ती पहिली काही वर्षं जिवंत असते. तिला अडवण्यासाठी दोन बूट आणि मधे लोखंडी पट्टी असा ब्रेस मिळतो. आपल्या सरकारी क्लिनिकांत पुष्कळ ठिकाणी दिसतो तो स्टीनबीक ब्रेस. मिशिएल स्टीनबीक यांनी तो युगांडात, तिथे मिळणाऱ्या चामड्या-लोखंडातून घडवला. वाकडा असलेला पाय त्यात ६० ते ७० अंश बाहेर वळवून ठेवतात. दुसरा पाय चांगला असेल तर तो ३० ते ४० अंशांवर. बुटांमधलं अंतर बाळाच्या खांद्यांएवढं.

पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, आंघोळीपुरता काढायचा. त्यानंतर फक्त झोपेत, रात्र आणि दुपार मिळून १२ ते १४ तास. आणि हे वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत. आयोवातल्या पॉन्सेटींच्या रुग्णांत ज्या घरांनी ब्रेस नेमानं घातला तिथे १०० पैकी ६ मुलांचा पाय पुन्हा वळला. ज्यांनी सोडला तिथे ८० हून अधिक मुलांचा. उपचारात याहून महत्त्वाचा आकडा नाही.

पहिल्या दोन-तीन रात्री बाळ रडतं. त्याला पाय सुटे मारायची सवय असते आणि आता दोन्ही एकत्र हलवावे लागतात. आईनं किंवा बापानं पट्टी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवून-सरळ करून खेळवलं की ते शिकतं. रडलं म्हणून काढला आणि थोड्या वेळानं पुन्हा घातला, तर रडलं की निघतो हेही ते लगेच शिकतं. साडीची झोळी या काळात अडचणीची: पट्टी तिच्यात अडकते आणि पाय आत दाबले जातात. सपाट अंथरुणावर किंवा रुंद पाळण्यात निजवावं.

बूट घालताना आधी टाच पूर्ण खाली बसवायची, मग मधला पट्टा आवळायचा, लेस शेवटी. स्टीनबीक बुटाला मागे छोटं भोक असतं, त्यातून टाच दिसली पाहिजे. सुती मोजे घालावेत. काढल्यावर थोडा लालपणा चालतो. फोड आला असेल तर टाच आत सरकते आहे, म्हणजे पट्टा सैल आहे किंवा बूट मापाचा नाही. पाय भराभर वाढतो, बोटं बुटाच्या कडेबाहेर येऊ लागली की मोठा जोड मागायचा. क्युअर इंडियासारख्या संस्थांच्या मदतीनं बऱ्याच सरकारी क्लिनिकांत हे बूट मोफत मिळतात.

ब्रेस सुटतो कुठे, तेही सांगायला हवं. मूल चालायला लागतं, पाय सरळ दिसतो, लग्नकार्यासाठी आठ दिवस मामाच्या गावी जाणं होतं आणि बूट घरी राहतात. परत आल्यावर घालायला गेलं तर मूल ओरडतं, टाच बसत नाही. मग ‘आता बराच आहे ना’ म्हणून बूट माळ्यावर जातात. कपड्यांच्या पिशवीत पहिल्यांदा बूट ठेवायचे, एवढी सवय घरानं लावून घेतली तर पुष्कळ निभावतं.

पुन्हा वळला तर

टाच पुन्हा जमिनीला टेकेनाशी झाली, मूल पंजाच्या बाहेरच्या कडेवर चालू लागलं, तर दोन-तीन प्लास्टर पुन्हा घालावी लागतात. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. तीन वर्षांच्या पुढच्या मुलात चालताना पंजा आत फिरत राहिला तर नडगीच्या पुढच्या स्नायूची कंडरा पायाच्या बाहेरच्या बाजूच्या हाडात नेऊन बसवतात. ही खरी शस्त्रक्रिया, भूल देऊन करायची. त्यानंतर सुमारे सहा आठवडे प्लास्टर असतं. मोठ्या शस्त्रक्रियेची गरज पडली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारावं. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवावं.

उपचार झालेलं मूल इतरांपेक्षा एक-दोन महिने उशिरा चालू लागतं. एकाच पायाला क्लबफूट असेल तर ती पिंढरी जन्मभर थोडी बारीक राहते आणि पाय जोड्याच्या मापात थोडा लहान. याला व्यंग समजू नये. क्रिस्टी यामागुची ही अमेरिकन खेळाडू क्लबफूट घेऊन जन्मली होती, लहानपणी प्लास्टर आणि बुटांचे उपचार झाले. १९९२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिनं फिगर स्केटिंगचं सुवर्णपदक जिंकलं.

उशिरा आलेलं मूल

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत आठ-दहा वर्षांचं मूल पायाच्या बाहेरच्या कडेवर, घट्टे पडलेल्या कातडीवर चालताना दिसलं तर ‘आता वय गेलं’ असं म्हणू नये. या वयातही आधी प्लास्टरनं जेवढा पाय सुटेल तेवढा सोडवतात, मग लागेल तेवढीच शस्त्रक्रिया करतात. फार कडक पायासाठी मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी बसवलेली ‘जेस’ ही बाहेरून लावायची चौकट आहे. हाडांत बारीक तारा, बाहेर सळ्या आणि स्क्रू. आतली बाजू दिवसाला एक मिलिमीटर, चार वेळा पाव-पाव फिरवून उघडतात. बाहेरची त्याच्या निम्म्या वेगानं. स्क्रू फिरवायचं काम पुढे घरच्यांनाही शिकवतात. तारेभोवतीची जागा रोज स्वच्छ करायची आणि तिथे पू, ताप किंवा वाढती लाली दिसली तर लगेच रुग्णालय गाठायचं. पाय जागेवर आल्यावर चौकट काही आठवडे तशीच ठेवतात. मग प्लास्टर, मग बूट.

बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतची मुलं तपासतं. तपासणीच्या दिवशी नेमकं असं मूल घरी राहतं किंवा मागच्या बाकावर पाय लपवून बसतं. त्या दिवशी त्याला शाळेत पाठवणं आईबापांनी पाहावं आणि गुरुजींनी त्याला पुढे बोलावून, जोडे काढून दोन्ही पाय डॉक्टरांना दाखवावेत.